लाली उतरेपर्यंत

१७ नोव्हेंबर, मंगळवार

गळली. आपली डिश गळली!

काल लाभपाचमेला भट्टीला कुंकू लावलं, पेढे वाटले, कारखाना उघडला. आणि आज दहा वाजता दहेजकडच्या केमिकल कंपनीचा फोन. तीन वर्षांपूर्वी आपण बनवलेल्या टाकीच्या बुडातून गरम ॲसिड ठिबकायला लागलं. खाली एक ऑपरेटर उभा होता, त्याचा पाय भाजला — गुडघ्यापासून खाली सगळा. चोवीस वर्षांचा आहे. नाव कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बिपीनशेठ स्वतः शेडमध्ये उतरले. ते उतरतात ते एक दसऱ्याला आणि एक असं काही झालं की. म्हणाले, चीर जोडाच्या कडेला आहे, वेल्डिंगपासून दोन बोटांवर. झालं — सगळ्यांच्या माना युसूफभाईकडे वळल्या. जोड त्याचा. निकेलचे जोड अठरा वर्षं तोच लावतो, दुसऱ्या कुणाला शेठ वेल्डिंगच्या टॉर्चला हात लावू देत नाहीत.

आणि ते बूड, म्हणजे डिश — कढईसारखी दाबलेली ती जाड प्लेट — भट्टीत लाल करून पाण्यात बुडवली कुणी? मी. धनसुख पांचाल, भट्टीवाला मिस्त्री. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी माझ्या बुटांकडे पाहत उभा होतो.

१८ नोव्हेंबर, बुधवार

युसूफभाई आज जेवायला बसला नाही. डबा तसाच परत नेला.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

इथे तरी लिहावं. इथे कोण वाचतंय!

नियम असा आहे: दाबून झालेली डिश भट्टीत अकराशे वीस अंशांवर न्यायची, ठरलेला वेळ ठेवायची, आणि बाहेर काढली की थेट टाकीतल्या पाण्यात. मध्ये दम खायचा नाही. दीड मिनिटाच्या आत. भिंतीवर तसा कागद चिकटवलाय, त्यावर माझ्याच हाताचे काळे डाग आहेत.

मी काय करतो? क्रेनने डिश बाहेर काढतो आणि टाकीशेजारच्या विटांवर ठेवतो. लाली उतरेपर्यंत. सात मिनिटं, आठ मिनिटं, प्लेट जाड असेल तर अजून थोडी. मग बुडवतो. कारण लालबुंद डिश पाण्यात घातली की ती अंग चोरते, घेर बिघडतो, एका बाजूने भोपळ्यासारखी होते. २००६ साली अशी एक बिघडली तेव्हा शेठनी सगळ्या शेडसमोर माझी चामडी सोलली होती. आमचे वडील गावाकडे कुदळी-फावडी करायचे. ते सांगायचे, लाल लोखंडाला घाई करू नकोस, आपल्या आपण निवू दे, वाकडं जाणार नाही. लोखंडाचं ते शहाणपण मी निकेलला लावलं.

तेव्हापासून नऊ वर्षं. निकेलच्या तेवीस डिश. एकही बिघडली नाही! गिऱ्हाइकांची माणसं फर्मा लावून बघतात, केसाएवढी फट सापडत नाही. “धनसुखभाईंच्या हातात गोलाई आहे,” असं शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. गेल्या दिवाळीला शाल घातली माझ्या अंगावर.

आणि कूपन! ते तर लिहायलाच हवं. डिशबरोबर त्याच प्लेटचा तळहाताएवढा तुकडा भट्टीत जातो, त्याला आम्ही कूपन म्हणतो. पुढे लॅबमध्ये डिशच्या वतीने परीक्षा त्याची होते. डिश थोडीच कापून बघता येते! कूपन डिशसोबत बुडवायचं असतं. मी ते चिमट्याने उचलतो आणि जवळच्या बादलीत सोडतो. सुर्रर्र — पाच सेकंदांत काम संपलं. कूपन दरवेळी पास. डिश बिचारी अजून विटांवर.

भट्टीचा चार्ट भट्टीच्या आतलं दाखवतो. बाहेर विटांवर काय झालं ते कुठे उमटत नाही. बघणाऱ्यांना वाटतं मिस्त्रींची पद्धत असेल. युसूफभाई तर तेवढ्यात दोन कप चहा घेऊन यायचा. आम्ही दोघं बाकावर बसून लाली उतरताना बघायचो. पिवळी, मग केशरी, मग वांग्यासारखी. चहा संपला की डिश पाण्यात.

याने आतून काय बिघडतं ते मला माहीत नव्हतं. लॅबच्या पूर्वीबेन आल्यापासून थोडंफार कानावर यायचं. पण नीट कळलं नव्हतं. खरंच नव्हतं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

त्या कंपनीचे दोन इंजिनियर आले. टेबल-खुर्ची शेडमध्येच मांडली, युसूफभाईला उभं करून विचारत होते. त्यांचं म्हणणं असं की त्याने जोडाचे थर घाईने एकावर एक चढवले, निकेल निवायला वेळच दिला नाही. जोडाच्या कडेचा धातू जास्त वेळ तापत राहिला, म्हणून ॲसिडपुढे टिकला नाही.

शास्त्र बरोबर होतं. माणूस चुकीचा होता.

युसूफभाई सांगत होता — प्रत्येक थरानंतर मी थांबतो. शंभर अंशांच्या खाली आल्याशिवाय पुढचा थर नाही. आधी ताप बघायच्या खडूने बघतो, मग हाताच्या मागच्या बाजूने. मग एकदम माझ्याकडे वळला. “मिस्त्री, तू असायचास ना तिथे. सांग की यांना, मी किती थांबायचो ते.”

मी सांगितलं. म्हणालो, हो साहेब, फार थांबायचा, आम्हीच कंटाळायचो. इंजिनियर हसला. मित्रच आहेत हे, असं त्याने दुसऱ्याला डोळ्यांनी सांगितलं.

खरं तेवढंच बोललो जेवढं फुकट होतं.

संध्याकाळी युसूफभाईची टॉर्च काढून घेतली. त्याला ग्राइंडरवर बसवलंय, पोरांच्या रांगेत, कडा घासायला.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

त्या ऑपरेटरचं नाव कळलं. अश्विन वसावा. नाव नव्हतं तोवर बरं होतं.

२ डिसेंबर, बुधवार

कंपनीने डिशचा कापलेला तुकडा पाठवला होता, जोडालगतचा. पूर्वीबेननी तो ॲसिडमध्ये चोवीस तास उकळला. सोबत त्याच डिशचं जुनं कूपनही उकळलं. लॅबमध्ये सगळी जपून ठेवलेली असतात. मला बोलावलं.

ही पूर्वी दवे म्हणजे माझ्या मुलीच्या, जिज्ञाच्या वयाची. आली तेव्हा मला वाटलं होतं, दोन वर्षांत लग्न करून जाईल. गेली नाही. भट्टीपाशी येऊन प्रश्न विचारत राहिली.

“काका, नुसतं ऐका,” म्हणाली. कूपन टेबलाच्या लोखंडी कडेवर टाकलं. टण्ण! देवघरातल्या घंटीसारखं, किती तरी वेळ घुमलं. मग डिशचा तुकडा टाकला. ठप्प. फुटकं मडकं आपटावं तसं. मी तो उचलला, अंगठा फिरवला तर बोटांना साखरेसारखे कण लागले. निकेलचे कण! जो धातू लोक गंजणार नाही म्हणून घेतात.

तिने तो मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राखाली दाखवला. म्हणाली, कण अजून शाबूत आहेत, दोन कणांमधल्या रेषा खाल्ल्या गेल्यात. विटा चांगल्या, मधला चुना गेला तशी भिंत. धातू निवताना मधल्याच उष्णतेत रेंगाळला की जी द्रव्यं त्याला ॲसिडपासून राखतात ती कणांच्या कडेला गोळा होऊन बसतात. लगतची जागा उघडी पडते, ॲसिड तिथून आत शिरतं. पटकन बुडवलं तर त्यांना जमायला वेळच मिळत नाही.

मी मान हलवत होतो. जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

मग तिने विचारलं, “कूपन आणि डिश एकाच वेळी पाण्यात गेले होते ना?”

मी म्हणालो, “हो.”

पुढे ती स्वतःशीच म्हणाली, मग वेल्डिंगच असणार. जोडापासून लांबचा तुकडा मिळाला असता तर नक्की सांगता आलं असतं. पण कंपनी देत नाही, बाकीची डिश त्यांच्या वकिलांच्या कुलपात आहे.

वही मिटू नये म्हणून मी जो निकेलचा तुकडा पानावर ठेवतो तो आत्ता माझ्या डाव्या हाताखाली आहे. कुठला आहे तो? त्याच डिशचा. भट्टीनंतर काठ कापतात तेव्हा खिशात टाकला होता, सगळ्यात मोठी डिश म्हणून हौसेने. जोडापासून लांबचा. नंबरही कोरलेला आहे.

४ डिसेंबर, शुक्रवार

‘हो’ म्हणायला किती वेळ लागला? कूपन बुडवायला लागतो त्याहूनही कमी.

९ डिसेंबर, बुधवार

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. एक कागद पुढे केला — भट्टीचं काम ठरलेल्या पद्धतीनुसार झालं, डिश वेळेत बुडवली. खाली माझं नाव टाईप केलेलं. म्हणाले, वकील मागतोय, तुझ्या कामाबद्दल कुणाला शंका नाहीच, रीत म्हणून.

सही केली.

पेन नीट चालत नव्हतं म्हणून दोनदा गिरवली.

११ डिसेंबर, शुक्रवार

युसूफभाईचा शेवटचा दिवस. त्याला काढलं असं कुणी म्हणत नाही. ग्राइंडरवर बसून राहायचं नाही म्हणून तोच चालला, असं म्हणतात. जुम्म्याची नमाज पढून परत आला, कपाट रिकामं केलं, सगळ्यांना भेटला. माझ्याकडे शेवटी आला. त्याच्या ताप बघायच्या खडूंची डबी माझ्या हातात ठेवली. ज्या अंशाचा खडू त्या अंशाला वितळतो, त्यावरून प्लेट किती तापली ते कळतं. त्याने स्वतः आणलेले होते, कारखान्याचे नव्हते.

मी म्हणालो, मला कशाला, मी काय वेल्डर आहे?

तो म्हणाला, “ठेव. मला आता कुणी निकेल देणार नाही.” मग म्हणाला, “मला एवढंच कळत नाही मिस्त्री. मी तर थांबलो होतो.”

मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो. स्कूटर सुरू होत नव्हती, तर मी मागून ढकलली! शाबास धनसुख. तेवढी मदत केलीस.

१५ डिसेंबर, मंगळवार

आज निकेलची नवीन डिश होती. अडीच मीटरची. भट्टीचं दार उघडलं, क्रेनवाल्याने सवयीने ती विटांकडे न्यायला घेतली. मी ओरडलो, सरळ टाकीत! तो बघतच राहिला. कूपनही तिलाच तारेने बांधलं होतं. एक मिनिट दहा सेकंद. सगळी टाकी उसळली, शेड वाफेने भरली.

निवल्यावर फर्मा लावला. चौदा मिलिमीटर बाहेर.

शेठ आले. फर्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, होतं कधी कधी, तुझं मन ठिकाणावर नाही, मित्र गेलाय. सगळ्यांना माझी दया आली! त्या दयेपेक्षा २००६ सालचं ते ओरडणं परवडलं.

१६ डिसेंबर, बुधवार

डिश प्रेसवर चढवली. थंडच, हळूहळू दाबत. उद्या दुपारपर्यंत गोल होईल, प्रेसवाला म्हणतो.

म्हणजे दीड दिवस. दीड दिवसाचं प्रेसचं काम — एवढंच वाचवत होतो मी नऊ वर्षं! प्रेसवर गेली की लोकांना कळतं मिस्त्रींची डिश बिघडली. तेवढं कळू नये म्हणून.

अश्विन वसावाच्या पायावर दुसऱ्यांदा कातडी लावली म्हणे.

१७ डिसेंबर, गुरुवार

वहीवरचा तुकडा खिशात घालून लॅबमध्ये गेलो. पूर्वीबेनच्या टेबलावर ठेवला. तिने नंबर बघितला, कुठून आला म्हणून विचारलं. म्हणालो, उकळून तर बघा, मग सांगतो.

आता पान मिटू नये म्हणून खडूंची डबी ठेवलीय.

१९ डिसेंबर, शनिवार

ठप्प.

तिने तुकडा टेबलावर टाकला आणि आम्ही दोघं त्या आवाजाकडे बघत बसलो. जोडापासून लांबचा तुकडा. म्हणजे वेल्डिंगचा काही संबंध नाही. म्हणजे युसूफभाई सुटला.

मग सांगितलं. विटा, लाली, चिमटा, बादली. सगळं. वाटलं होतं ती चिडेल, निदान तोंड तरी फिरवेल. तिने वही ओढली आणि विचारलं, “किती वेळ?”

“आठ मिनिटं.”

“आणि बाकीच्यांना?”

बाकीच्यांचा मी विचारच केला नव्हता. महिनाभर रडतोय तो एका डिशसाठी! बावीस अजून कुठे कुठे ॲसिड धरून उभ्या आहेत. खाली माणसं येतात-जातात.

ती म्हणाली, सगळ्या सारख्या नसतील. पातळ प्लेट पाच मिनिटं राहिली असेल तर कदाचित निभावेल. जाड प्लेट दहा मिनिटं राहिली असेल तर ती आजच बंद करायला हवी. चार्टवरून काहीच कळत नाही, कूपनं सगळी पास. “काका, कुठे लिहून ठेवलंय का तुम्ही?”

म्हणालो, “नाही.”

२१ डिसेंबर, सोमवार

शेठना सांगितलं. शाल घडी करून पिशवीतून नेली होती, टेबलावर ठेवली. त्यांनी ती ढकललीही नाही, घेतलीही नाही. मग फोन उचलून त्या कंपनीला कळवलं की वेल्डरचा दोष नाही. माझ्यासमोर कळवलं. या माणसाला मी नीट ओळखलंच नव्हतं.

मला म्हणाले, भट्टीवर आता यायचं नाही. ते मी धरूनच होतो. मग म्हणाले, “अकरा कंपन्यांना मी काय सांगू, सगळं बंद करा? कुणी ऐकेल? कुठली डिश, किती मिनिटं, ते दे. तेवढं दे, मग मी स्वतः जाऊन उभा राहतो दारात.”

म्हणालो, आठवत नाही शेठ. सात-आठ असतील सगळ्या.

खोटं. प्रत्येक डिशचा दिवस आणि मिनिटं लिहिलेली आहेत. इथे, आणि याच्या आधीच्या नऊ डायऱ्यांत. दर दिवाळीला लोखंडाचे व्यापारी डायरी देतात आणि मी मूर्खासारखा ती रोज भरतो. ‘आज आठ मिनिटं, डिश आरशासारखी गोल!’ — असं लिहिलंय. फुशारकीने.

पण त्यात फक्त डिश आहेत का? जिज्ञाने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा मी तिला काय काय म्हणालो ते आहे. बायकोबद्दल, मधुबद्दल आहे. शेठना शिव्या आहेत. युसूफभाईला एकदा शेठनी माझ्याआधी खुर्ची दिली म्हणून दोन पानं आहेत, त्यातले शब्द मी त्याच्या तोंडावर कधी उच्चारले नसते. ही वही मी कशी देऊ कुणाला!

२७ डिसेंबर, रविवार

तांदळज्याला युसूफभाईच्या घरी गेलो. शेठनी त्याला आधीच फोन केला होता, पण कुणाची चूक ते सांगितलं नव्हतं. ते माझ्यावर सोडलं होतं. दारात मला बघून त्याचा चेहरा फुलला. तेच अवघड गेलं.

उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. आठ मिनिटं विटांवर ठेवायचो, त्याने ती आतून पोखरली, तुझा जोड चांगला होता, मला सांगता आलं असतं, मी सही केली.

तो हिशेब करत असल्यासारखा बोटं बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे आपण चहा प्यायचो तेव्हा.”

मी म्हणालो, हो.

“मी घेऊन यायचो तो चहा.”

मी म्हणालो, तुला काय ठाऊक, तुझा काय दोष.

“दोष नाही रे. पण प्यायलो तर आपण दोघंही ना? बाकावर बसून. तो पोरगा भाजणार होता, आणि आपण रंग बघत होतो.” त्याचा आवाज चढला नव्हता. आतून सलमाभाभीने विचारलं, कप किती ठेवू? तो म्हणाला, ठेवू नको. आणि मला म्हणाला, “आज मी तुला चहा देणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.”

त्याने मला मारलं असतं तर मी घरी येऊन मधुला सांगितलं असतं. हे सांगता येत नाही.

३ जानेवारी, रविवार

मधु बहिणीकडे गेली. जुन्या डायऱ्या काढून बसलो. ठरवलं की डिशची पानं तेवढी कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद द्यावा. वहीचं नावच घ्यायचं नाही. सोपी युक्ती! उतरवतही होतो. २००७, २००८, सगळं सुरळीत.

मग २०१४. ८-९ मार्च. शनिवार-रविवारचं एकच पान असतं त्या डायरीत. माझंच अक्षर:

‘पूर्वीबेनने आज सगळ्यांना बसवून समजावलं. लाल डिश थांबवली की आतून कुजते म्हणे. खरं असेल. माझ्या डिश कुजत असतील. पण गोलाई दिसते, आतलं कुणाला दिसतंय? कालची पोर मला भट्टी शिकवणार!’

तीनदा वाचलं. मला आठवतच नव्हतं हे. नव्हे — आठवायचं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी आत्ताच्या वहीत लिहिलंय की मला माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. इथे कोण वाचत होतं? कुणीच नाही. मग खोटं कुणाशी बोललो!

त्यानंतरच्या सहा डिश. माहीत असून.

हे पान फाडतो म्हणून धरलं. उलटून बघितलं. मागच्या बाजूला १० मार्च, सोमवार. त्या दिवशीची डिश. बत्तीस मिलिमीटर जाड, सगळ्यांत जाड. अकरा मिनिटं. समोर लिहिलंय, ‘मुद्दाम ठेवली.’

४ जानेवारी, सोमवार

नुसता आकडा उतरवून दिला तर? केबिनमध्ये मी म्हणालो होतो, आठवत नाही. आता अचानक अकरा कसं आठवलं म्हणून विचारतील. आणि दोनदा खोटं बोललेल्या भट्टीवाल्याच्या कागदावर कोण आपला प्लान्ट बंद करेल? त्या दिवशीची शाई, त्या दिवशीचं अक्षर लागणार. मूळ पान.

पानाला दोन बाजू असतात. एवढं कळायला सत्तावन्न वर्षं लागली.

८ जानेवारी, शुक्रवार

अकरा मिनिटांची डिश चालूच आहे. अंकलेश्वरला.

१४ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण. सकाळपासून गच्चीवर पतंगांचा गलका. मधुने उंधियू केलं, जिलेबी आणली, मी ताटावरून उठलो. मग तिला सगळं सांगितलं. डिशचंही, डायऱ्यांचंही, आणि त्यात तिच्याबद्दलही आहे हेही. म्हणालो, परक्या माणसाला देण्याआधी तू वाच, तुझा हक्क आहे.

ती उंधियूचं पातेलं झाकत होती. म्हणाली, “तीस वर्षांत मी ती वही उघडली नाही, तुम्ही कपाटाला कुलूप लावत नव्हतात तरी. आता काय वाचायचं? मी तिथेच तर होते.” मग हात पुसून माझ्याजवळ बसली. “खाली कुणी उभं असेल ना त्या डिशच्या?”

मी म्हणालो, असेल.

तिने गच्चीवर जाऊन तुटलेल्या मांज्याचे तुकडे गोळा करून आणले. लाल होता, काळा होता. पानांत खुणा घालायला. बसून डायऱ्या पुढ्यात देत होती, मी पान काढायचो, ती दोरा घालायची. वाचत नव्हती. मी बघत होतो, एकदाही तिने नजर खाली केली नाही.

१६ जानेवारी, शनिवार

पूर्वीबेन,

दहा डायऱ्या आहेत, ही धरून. लाल दोरा असलेली पानं डिशची आहेत. काळा दोरा एकाच पानात आहे, मार्च २०१४. ते मी फाडलेलं नाही. त्याची मागची बाजू आधी वाचा आणि अंकलेश्वरला लगेच फोन करा. पुढची बाजू नंतर वाचलीत तरी चालेल.